घरासाठी काढलेले दाणे

दिनू, तुझ्या तेरवीला गाव जेवून गेलं. वरण, भात, वांग्याची भाजी, बुंदी. भाजी तुला आवडते तशी तर्रीदार झाली होती, फक्त तिच्यात दाण्याचा कूट नव्हता. काऊन नव्हता ते सांगायलाच बसले आहे. पण आधी मला तुझ्याशी भांडायचं आहे. आपलं भांडण अर्धवट राहिलं, आणि तू गेलास म्हणून मी ते सोडून देईन असं तुला वाटलं असेल तर तू बहिणीला ओळखलंच नाहीस.

पंगतीत दोघं जण तुझ्याबद्दल बोलत होते. तुझीच गिऱ्हाइकं, नावं सांगत नाही. एक म्हणाला, "लिव्हर गेलं म्हनते. पेत असन जी गुपचूप." दुसरा म्हणाला, "मालाच्या नावानं नदीपार जाये नं." आपला जिल्हा दारूबंदीचा, म्हणून वर्धा नदी ओलांडून अमरावतीच्या हद्दीत गेलेला प्रत्येक माणूस प्यायलाच गेला असं लोकांनी धरून ठेवलंय. तू तिकडे गूळ आणायला जायचास. मी बुंदीचं भांडं घेऊन त्या दोघांसमोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, "माह्या भावानं जिंदगीत थेंब घेतला नाई. घ्या, बुंदी घ्या." दोघांनी खाली मान घालून बुंदी घेतली. वैशाली दारातून माझ्याकडे पाहत होती, मी आणखी काही बोलते की काय या भीतीनं. तुझ्या बायकोनं तेवढ्या दिवसांत किती सोसलं हे मला माहीत आहे, म्हणून मी गप्प बसले. नाहीतर भांडंच उपडं केलं असतं.

मला सारखी ती माळ आठवते. तुझे डोळे पिवळे दिसायला लागले तेव्हा माय तुला आधी माळवाल्याकडे घेऊन गेली. आपल्याकडे कावीळ झाली की पहिला रस्ता तिकडेच जातो. बारीक मुळ्यांची माळ डोक्यावर ठेवायची, ती दिवसागणिक लांबत जाते, गळ्यात उतरते, छातीवर येते, बेंबीपर्यंत आली की कावीळ उतरली. तळेगावच्या भर बाजारात तू ती माळ घालून दुकानात बसलास, साखर मोजलीस, लोकांनी थट्टा केली तर त्यांच्यासोबत हसलास. मग मला फोन केलास.

"ताई, माळ बेंबीपर्यंत आली. डोये मात्र पिवळेच हायेत. माळेचा काही दोष नाई, डोयेच ऐकून नाई राह्यले."

मी म्हटलं, "उद्या पहिल्या बसनं इकडे येजो. थट्टा पुरे."

तू आलास. सिंदी मेघेतल्या माझ्या खानावळीत शिकणारी पोरं जेवत होती, त्यांच्यात बसून तूही जेवलास, आणि माझ्या वरणात पोहता येईल असं त्यांना सांगून सगळ्यांना हसवलंस. तेव्हाच मला दिसलं की तुझा शर्ट खांद्यावरून सैल झाला होता आणि पोटावर मात्र ताठ बसला होता.

मग तुला दवाखान्यात नेलं. सोनोग्राफी करणारी बाई आधी गप्पा मारत होती. तळेगावचे का, आमची मावशी आष्टीला असते वगैरे. पोटावर एका जागी तिचा हात थांबला आणि तिचं बोलणंही थांबलं. मग सीटी झाला, रक्ताच्या बाटल्या तपासायला गेल्या. रिपोर्ट घेऊन मृणाल बाहेर आली. तीच मृणाल, जी शिकत असताना माझ्याकडे जेवायची आणि भाकरी नको, पोळीच पाहिजे म्हणून माझी बोलणी खायची. आता त्या दवाखान्यात डॉक्टर आहे आणि लिव्हरच्या कॅन्सरवरच काम करते. ती मला काकू म्हणते. त्या दिवशी काकू म्हणताना तिनं रिपोर्ट छातीशी धरला होता, आणि मला ऐकायच्या आधीच कळलं.

गाठ मोठी होती. कापून काढायची तर उरलेलं लिव्हरही आधीच कडक होऊन गेलेलं. दुसऱ्याचं लिव्हर बसवायचं तर त्यासाठी गाठ लहान असावी लागते. मृणालनं कागदावर चित्र काढून सगळं समजावून सांगितलं, आणि तू एखाद्या नव्या मालाची माहिती घ्यावी तसा मान हलवत राहिलास. मग तू विचारलंस, "पन मॅडम, मी तर दारूले शिवलोबी नाई."

ती म्हणाली, "दारूनं नाही झालं काका. तुमच्या रक्तात हिपॅटायटिस बीचा व्हायरस आहे. बहुतेक जन्मापासून असेल. तो दुखत नाही, खुपत नाही, वर्षानुवर्षं लिव्हरमध्ये गुपचूप राहतो. इतक्या लहानपणापासूनचा असला तर तो बहुतेक वेळा आईकडून बाळंतपणात आलेला असतो." मग ती म्हणाली की घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासा. तुझ्या बायकोमुलांचं, माझं, आणि आईचं.

तिच्या अभ्यासाबद्दलही तिनं तेव्हाच सांगितलं. ज्या घरात हा कॅन्सर निघतो त्या घरातल्या मायलेकरांच्या रक्तातला व्हायरस एकच आहे का, ते लोक काय खातात, त्यांच्या डब्यातल्या धान्याला बुरशी आहे का, हे ती तपासते. शेंगदाण्यावर, मक्यावर एक बुरशी येते, तिचं विष लिव्हरला धरतं. व्हायरस आणि ते विष एकाच शरीरात असलं तर दोन्ही मिळून जास्त नुकसान करतात. हे वाक्य माझ्या डोक्यात बसलं. तुझ्याही बसलं, ते मला त्याच दिवशी दुपारी समजलं.

माय माझ्या घरी वाट पाहत होती. आपण दारात पाय ठेवला तसं तिनं विचारलं, "काय म्हने डॉक्टरीन? काऊन झालं म्हने?"

मी तोंड उघडायच्या आत तू बोललास. "दान्यानं झालं माय. बुरशीच्या दान्यानं होते म्हनते. मी दुकानात बसल्या बसल्या तोंडात टाकत राहो ना, चांगला-खराब पाहत नवतो. माह्याच जिभेनं केलं."

किती सहज बोललास रे. मला वाटलं, हा माणूस खरंच दुकानदार आहे, शिल्लक नसलेला माल पण किती सफाईनं विकतो.  माय आत गेली आणि तिनं तुझ्यासाठी भात टाकला. मला वाटलं, चला, बसलं तिला. तुलाही वाटलं. आपण दोघेही किती आंधळे होतो हे आता लिहिताना कळतं आहे.

वैशालीचं आणि पोरांचं रक्त तू दुसऱ्याच दिवशी तपासून घेतलंस. तिघंही सुटले, त्यांना लस टोचली. त्या दिवशी तू जिलेबी आणलीस, आणि स्वतः एक तुकडाही खाल्ला नाहीस. मृणालला तू रक्त दिलंस, गाठीचा तुकडा काढायला मंजुरी दिलीस, दुकानातले दाणेसुद्धा पुडीत बांधून दिलेस. "मी गेलो तरी माह्या रक्ताची गिऱ्हाइकी चालू राह्यली पाह्यजे," असं म्हणालास. ती बिचारी हसली आणि मग बाहेर जाऊन रडली, ते तुला माहीत नाही. पण तिनं मायचं नाव काढलं की तू दगड व्हायचास. "मॅडम, माझं सगळं घ्या. मायले हात नोका लावू."

आपलं भांडण त्यावरूनच. तू माझ्या घरी गॅलरीतल्या खाटेवर पडलेला, मी लसूण सोलत बसलेली.

"ताई, तू तपासून घे. पन गुपचूप."

"गुपचूप कायले? मी चोरी केली का?"

"तुह्यात निघालं अन माह्यात निघालं, तर मंग मधात कोन राह्यली? माय राह्यली. तिले सम्जन."

"समजू दे. तिचंबी रक्त पाहून घेऊ. तिच्या पोटातबी काही चालू असन तर? तिले जपता येईन."

"थे मरून जाईन ताई. आपल्या अंगातून पोराले गेलं हे समजल्यावर जेवण धरन का थे?"

"तू मरून राह्यला, अन तुले तिच्या जेवणाची पडली."

हे मी बोलले. तू हसलास. माझ्या अशा बोलण्यावर तू लहानपणापासून हसत आलास, म्हणूनच माझी जीभ अशी झाली. मग तू माझा हात धरून म्हणालास, "मले एकच काम करून दे. तिले नोको सांगू." मी हात सोडवून घेतला. म्हटलं, तपासीन तर सगळ्यांचं उघड उघड तपासीन, नाहीतर माझंही राहू दे. आणि माझंही राहिलं. मला भीती वाटत होती, तेही होतंच. तू रोज विचारायचास, "गेलती का?" आणि मी रोज म्हणायचे, "मायले सांगतो म्हन, आत्ता जातो." दोघंही एकाच मायची लेकरं, कोण हटणार?

नागपूरला तुझ्या जांघेतून बारीक नळी घालून गाठीपर्यंत औषध नेलं. त्यानंतर तुला ताप आला, उलट्या झाल्या, आणि मग काही आठवडे तू खरंच बरा दिसलास. गावी जाऊन दुकानात बसलास. मला फोन करून म्हणालास की वैशालीनं डबे सगळे इकडचे तिकडे करून टाकलेत, आता जिऱ्याच्या डब्यात बडीशेप निघते. त्या आठवड्यांबद्दल मी कुणाचे आभार मानू ते मला माहीत नाही. मृणालचे मानते. त्यानंतर गाठ लिव्हरच्या मोठ्या शिरेत शिरली आणि गोळ्या सुरू झाल्या. त्या गोळ्यांनी तुझ्या तळहातांची साल निघायची. पोटात पाणी भरायचं, ते सुईनं काढायचं, पुन्हा भरायचं. पाणी काढून आलास की तू सरळ होऊन बसायचास आणि खानावळीतल्या पोरांना सांगायचास की काकूचं वरण होतं ते, सगळं काढून टाकलं.

शेवटी शेवटी तू आमच्यात राहिलाच नाहीस. लिव्हर काम करत नाही तेव्हा रक्तातली घाण डोक्यात चढते, असं मृणालनं सांगितलं. तू दवाखान्याच्या खाटेवर पडून हवेत हात हलवत होतास. मला आधी समजलं नाही. मग पाहिलं तर तू पुडी बांधत होतास. कागद घ्यायचा, माल टाकायचा, मुडपायचा, दोरा गुंडाळायचा, तोडायचा. माझ्याकडे पाहून म्हणालास, "बाई, आणखीन काय देऊ?" मी तुझी ताई होते आणि तू मला बाई म्हणालास. मी म्हटलं, "काही नको, झालं." तू मान हलवलीस आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळलास. माय पायथ्याशी बसून तुझे पाय चोळत होती. तिनं एकदाही डोळ्याला पदर लावला नाही. मला तिचा राग आला होता त्या वेळी. बाई आहे की खांब, असं वाटलं होतं.

आता त्या कुटाचं सांगते.

तेरवीच्या सकाळी आचाऱ्यानं कूट मागितला. माय म्हणाली, "घरात दाने नाईत." मी म्हटलं, ही काय बोलते? किराण्याचं दुकान, मागच्या खोलीत दाण्याची पोती. पण पाहुणे होते, भटजी येऊन बसले होते, मी विषय सोडला. दुसऱ्या दिवशी पाहुणे गेले आणि मी तांदूळ पाखडायला सूप शोधलं. सूप खुंटीवर नव्हतं. ओसरीवर नव्हतं. वैशालीला विचारलं तर ती इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाली, "ताई, मायनं सूप जाळलं. तिसऱ्याच दिवशी. अंघोळीचं पाणी तापवत होती, त्याच चुलीत घातलं. मी इचारलं तर काही बोललीच नाई."

दिनू, तुला आठवतं ना, सुपाला पाय लागला तर माय आपल्याला वाकून नमस्कार करायला लावायची. दिवाळीला सुपाची पूजा करणारी बाई. तिनं सूप चुलीत घातलं.

ती ओट्यावर बसली होती. मी जवळ जाऊन बसले. "माय, सूप काऊन जाळलं व?"

तिनं रस्त्याकडे तोंड वळवलं. मग म्हणाली, "त्याच सुपात निवडत होती मी."

"काय?"

"दाने. तुह्या बापाचा कायदा होता, गिऱ्हाइकाच्या पुडीत एकबी काळा दाना जाऊ नाई. रोज निवडो मी. चांगले दुकानात, काळे घरात. फेकायचे कसे, म्हनून घरात. तू खात नवती. तू थुंकून टाके, कडू लागते म्हने. थो खाये. मिठाचं पानी मारून भाजून देल्ले का माह्याजोळ बसून वाटीच्या वाटी खाये. थो म्हने, दुकानात बसून खाल्ले. दुकानात त्यानं कधी नाई खाल्ले उषे. दुकानातले तर चांगले होते. काळे मीच देल्ले त्याले. पाहून पाहून देल्ले."

ऐकलंस, दिनू? मायला वाचवायला तू खोटं शोधलंस आणि जगातल्या सगळ्या खोट्यांतून नेमकं तेच उचललंस. तू स्वतःच्या डोक्यावर घेतलंस, आणि त्याच क्षणी तिनं ते उचलून आपल्या डोक्यावर घेतलं. तुझ्यासाठी भात टाकायला आत गेली ना, तेव्हाच. सगळे महिने ती ते घेऊन तुझ्या पायथ्याशी बसली होती. तुझे पाय चोळत होती. मी तिला खांब म्हणाले. आपल्या घराचा तो रिवाज तू विसरला होतास का? सगळ्या दुकानदारांच्या घरी तेच असतं, चांगला माल गल्ल्यासमोर आणि उरलासुरला ताटात. आपल्याला त्याचं काही वाटलं नाही कधी. मला तर अभिमान वाटायचा की आमच्या बाबांच्या पुडीत खडा सापडत नाही.

मला तुझा इतका राग आला की तू समोर असतास तर मी तुझा कान पिरगाळला असता. आणि तू समोर नाहीस हे तेव्हा पहिल्यांदा खरं वाटलं. स्मशानात वाटलं नव्हतं, तेरवीला वाटलं नव्हतं. त्या ओट्यावर वाटलं, आणि मी मोठ्यानं रडले. मायनं माझ्या पाठीवर हात ठेवला. ती मला समजावत होती, म्हणजे बघ.

मग मी तिला सांगितलं. तुझी विनंती मोडली. तिच्यापुढे बसून सगळं सांगितलं, रक्तातला तो व्हायरस, बाळंतपण, तो दिसत नाही, दुखत नाही, तिलाही कुठून आला असेल ते कुणाला माहीत नाही, तिच्या आईकडून असेल, नाहीतर कुठल्या सुईनं असेल. बोलताना माझं लक्ष तिच्या तोंडाकडे होतं. तू म्हणाला होतास ना, थे मरून जाईन. मीही तेच पाहत होते.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग पहिला प्रश्न विचारला तो तुझ्याबद्दल नव्हता.

"मंग तुले बी गेलं का?"

"मालूम नाई माय. तपासलं नाई."

"काऊन?"

"तुले समजू नाई म्हनून. दिनू म्हने, मायले नोको सांगू."

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. लहानपणी अंगणात पडून आलो की कुठे लागलंय ते पाहायची तसं पाहिलं. आणि म्हणाली, "दोघंबी निरे बावळट." मग उठली, आत गेली, बाहेर जायचं लुगडं नेसून आली. "चाल त्या डॉक्टरनीकडे. माह्यं रक्त पहिले काढ म्हना."

दवाखान्यात तिनं बाही स्वतःच वर केली. हात सुरकुतलेला, शीर सापडेना. मृणालनं दोन ठिकाणी सुई घातली. मृणालनं तिला कागद वाचून दाखवला की हे रक्त अभ्यासासाठीही वापरलं जाईल, चालेल का. माय म्हणाली, "त्याचं अन माह्यं एकाच जागी ठेवजो बाई." मृणालला पेन सापडेना. मी माझं रक्त दिलं तेव्हा माय माझ्या खुर्चीला धरून उभी राहिली. तुझ्या बहिणीला इतके महिने जमलं नव्हतं ते त्या म्हातारीनं दुपारच्या जेवणाआधी करून टाकलं.

रिपोर्ट आले. मायच्या रक्तात आहे. शांत बसून आहे, तिला या वयापर्यंत त्यानं हातही लावला नाही. माझ्यातही आहे, दिनू. माझ्यातला शांत नाही. लिव्हर थोडं कडक झालंय. सोनोग्राफीत सध्या गाठ दिसत नाही. "सध्या" हा शब्द मृणाल किती जपून बोलली. गोळी सुरू झाली आहे, रोज एक, आता कायमची, आणि वर्षातून दोनदा सोनोग्राफी. मला भीती वाटते. त्या खोलीत आडवी झाले तेव्हा मी बाईच्या हाताकडे नाही, तोंडाकडे बघत होते, ती बोलायची थांबते का ते. पण मला वेळेवर कळलं. तुला कळलं नाही आणि मला कळलं, ते तुझ्यामुळे. तुला काय देणं लागते मी, ते देता येणार नाही आता. एवढे महिने तू रोज "गेलती का?" विचारत होतास, आणि मी मात्र तुला अटी घालत बसले होते. आत्ता उत्तर देते. गेलती.

अजून एक सांगायचं आहे, आणि ते सांगितलं की आपलं भांडण संपेल.

रिपोर्ट घेऊन आम्ही ऑटोत बसलो. माय खिडकीकडे तोंड करून बसली होती. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "म्हंजे मंग दान्यानं नाई झालं नं?"

मला मृणालचं वाक्य पाठ होतं. दोन्ही मिळून जास्त नुकसान करतात. वाटीच्या वाटी काळे दाणे आणि रक्तात तो व्हायरस, तुझ्या एवढ्याशा पोटात. मी, जी तुझ्याशी महिनोन्महिने खऱ्यासाठी भांडले, जी पंगतीत बुंदीचं भांडं घेऊन लोकांना खरं ऐकवत फिरले, ती मी म्हणाले, "नाई माय. दान्यानं काही होत नाई. दिनू उगाच बोलला होता."

आवाजही हलला नाही माझा. तेव्हा मला समजलं की त्या दिवशी दारात उभा राहून तू कसा बोलला असशील. मी तुला सफाईदार म्हणाले होते. ते शब्द परत घेते. तू दाराची चौकट धरून ठेवली असशील, मीही ऑटोचा दांडा धरून ठेवला होता. मायनं मान हलवली आणि पुन्हा बाहेर बघायला लागली.

काल तुझ्या महिन्याचं पान वाढायला मी तळेगावला आले. दुकान वैशालीनं उघडलंय, जिऱ्याच्या डब्यात अजून बडीशेपच निघते. ओट्यावर माय नवं सूप मांडीवर घेऊन बसली होती. बाजारातून तिनंच मागवलं म्हणे. मी समोर बसले. ती दाणे निवडत होती. बोटं अजून तशीच चालतात, न पाहता काळा दाणा बरोबर बाजूला पडतो. पण तिनं चांगले दाणे दुकानाच्या डब्यात टाकले नाहीत. ते तिनं घरातल्या वाटीत भरले. आणि काळ्यांची मूठ भरली, उठली, आत गेली आणि चुलीत टाकली. एकही खाली पडू दिला नाही. मी पाहते आहे हे तिला माहीत होतं. तिला माझ्या बोलण्यावर विश्वास बसला नव्हता. तुझ्यावर बसला होता आणि माझ्यावर नाही. 

परत येऊन तिनं ते दाणे भाजले, मिठाचं पाणी मारून, तुझ्यासाठी भाजायची तसेच. वाटी माझ्यापुढे सरकवली.

"गोळी घेतली का सकाळची?"

"घेतली."

"मंग खाय."

मी खाल्ले, दिनू. ती समोर बसून राहिली, वाटी रिकामी होईपर्यंत. एकही कडू लागला नाही.